वल्हं आपल्या हातात हवं



बायकांची सहल म्हटली की गोंदवले, औदुंबर, नाहीतर नरसोबाची वाडी. देवाचं कारण असलं की घरून परवानगी मिळते. यंदा आमच्या गटानं कोयनेच्या शिवसागर जलाशयात कयाक, म्हणजे एकटीनं वल्हवायची छोटी नाव, चालवायचं ठरवलं, तेव्हा पहिला प्रश्न आला, "बायकांना हे कशाला?"

आमच्या सातारा-सांगलीकडे मुलगे पाठीला डबा किंवा भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकले. त्याच विहिरीचं पाणी मुलींनी डोक्यावरून वाहिलं. पाण्यात उतरण्याची मुभा मात्र फार थोड्यांना मिळाली. पाण्याचं काम बाईचं आणि पाण्यातला खेळ पुरुषाचा, ही वाटणी मोडायची तर विरंगुळ्यावरचा हक्कही मागावा लागेल.

म्हणून लाँचमध्ये बसून फोटो काढून परतायचं नाही. जावळी तालुक्यात मुनावळे इथे २०२४ मध्ये शासनाचं जलक्रीडा केंद्र सुरू झालं आहे. तिथे प्रत्येकीनं स्वतः वल्हं धरायचं. जीवरक्षक जॅकेटचे पट्टे घट्ट आवळायचे, साडीऐवजी सलवार किंवा पँट घालायची. आधी काठाजवळ मुद्दाम पाण्यात पडून सावरायचा सराव करायचा. वारा वाढण्याआधी, सकाळीच पाण्यात उतरायचं. सांगलीकरणींना चांदोली जवळ पडतं, पण ते राष्ट्रीय उद्यान आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही.

आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. या पाण्याखाली गावं आहेत. १९६०च्या दशकात धरण झालं आणि माणसं ठाणे-रायगडपर्यंत विखुरली. मोबदला सातबाऱ्यावरच्या नावाला, आणि ते नाव बहुधा पुरुषाचं. कांदाटी खोऱ्यातल्या बायकांना दवाखाना गाठायला आजही हेच पाणी ओलांडावं लागतं. त्यांच्यासाठी नाव ही मौज नाही, गरज आहे.

तेव्हा मुक्काम आणि जेवण तिथल्या बायकांकडेच ठरवूया, पैसेही त्यांच्याच हातात देऊया. आणि नोंदणी करतानाच प्रत्येक गटानं विचारावं : नाव चालवायला शिकवणाऱ्यांत इथल्या मुली किती? उत्तर 'एकही नाही' असं आलं, तर तशी लेखी मागणी तिथेच देऊन यावी.