सोशिक नायक

बेसबॉलचा खेळ आपल्याला परका. पण ही गोष्ट तितकीशी परकी नाही. अमेरिकेतल्या मोठ्या संघांत कित्येक दशके काळ्या खेळाडूंना मज्जाव होता. १९४७ साली जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि तो मोडला. १९५० च्या बोलपटात त्याने स्वतःचीच भूमिका केली. २०१३ साली ‘४२’ हा दुसरा चित्रपट आला. दोन्हींत त्याच्यावर शिव्या बरसतात, तो मुकाट्याने सोसतो, संघाचे चालक ब्रँच रिकी पाठीशी उभे राहतात. शेवट अर्थातच गोड!

मी पडलो मराठीचा मास्तर; माझे लक्ष शब्दाकडे जायचेच. ‘सोशिक’ म्हणून आपण सोसणाऱ्याचे कौतुक करतो. सोसायला लावणारा मात्र नामानिराळा राहतो. याच रॉबिन्सनने १९४४ साली सैन्यात असताना बसमध्ये मागे जाऊन बसायला साफ नकार दिला होता. लष्करी खटला झाला. तो निर्दोष सुटला. पण चित्रपटांचा भर या न सोसणाऱ्या रॉबिन्सनवर नाही.

चित्रपट संपल्यावर मुले हळहळतील, “किती सोसले हो त्याने!” तेव्हा त्यांना एवढेच विचारा, “अरे, पण ते सोसायला लावले कुणी?”