विश्लेषण : भिवंडीतील गोदामांसाठी विमा ब्रोकर कसा निवडावा?

भिवंडीत गोदामाला आग लागली की नुकसानीचे आकडे लगेच येतात. विमा होता का आणि तो पुरेसा होता का, हे मात्र मालकाला दावा दाखल केल्यावरच कळते. काल्हेर, राहनाळ, माणकोली, दापोडे पट्ट्यातील गोदामे असोत की शहरातील यंत्रमाग कारखाने, पॉलिसी कोणाच्या सल्ल्याने घेतली यावर बरेच अवलंबून असते.

एजंट आणि ब्रोकर यांत फरक काय?

एजंट विमा कंपनीचा प्रतिनिधी असतो. ब्रोकर ग्राहकाच्या वतीने अनेक कंपन्यांकडून दर आणि अटी मागवतो आणि दाव्याच्या वेळी मदत करणे हेही त्याचे काम असते. ब्रोकरांना ‘आयआरडीएआय’चे २०१८ चे नियम लागू आहेत. त्या नियमांत नोंदणीची मुदत तीन वर्षांची ठेवण्यात आली होती. ब्रोकरला कमिशन विमा कंपनी देते. प्रीमियम वाढला की कमिशनही वाढते, त्यामुळे किमान तीन कंपन्यांचे दर लेखी मागावेत.

भिवंडीत चूक कुठे होते?

प्रीमियम वाचवण्यासाठी मालाची किंमत कमी दाखवली जाते. समजा, माल एक कोटीचा आहे, विमा ५० लाखांचा आणि आगीत २० लाखांचे नुकसान झाले. अशा वेळी भरपाई निम्मी, म्हणजे सुमारे १० लाखच मिळू शकते. पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी १ एप्रिल २०२१ पासून असलेल्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे, निम्म्याची नाही.

दुसरी चूक माल लपवण्याची. कापड म्हणून नोंद आणि आत रसायनांचे पिंप, असे आढळल्यास दावा अडचणीत येतो. तिसरी चूक भाडेकरूंची. मालकाने काढलेला इमारतीचा विमा भाडेकरूच्या मालाला लागू होत नाही.

इमारत कोसळली तर?

वळपाड्यातील वर्धमान कंपाउंडमधील इमारत २९ एप्रिल २०२३ रोजी कोसळली. खाली गोदाम, वर कुटुंबे अशी तिची रचना होती. मोडकळीस आलेले बांधकाम आपोआप कोसळले, तर आगीच्या नेहमीच्या पॉलिसीत ते नुकसान येईलच असे नाही. कोणत्या घटना वगळल्या आहेत, हे ब्रोकरकडून लेखी घ्यावे.

ब्रोकरला काय विचारावे?

नोंदणी क्रमांक विचारून तो ‘आयआरडीएआय’च्या संकेतस्थळावरील यादीत तपासावा. रसायने किंवा यंत्रमागाचे दावे हाताळले आहेत का? दाव्याच्या वेळी सर्वेक्षकासमोर कोण उभे राहणार? माल अनेक गोदामांत फिरत असेल तर ‘फ्लोटर’ पॉलिसी आणि साठा कमी-जास्त होत असेल तर ‘डिक्लरेशन’ पॉलिसी बसते का, हेही विचारावे.

प्रीमियम शक्यतो थेट विमा कंपनीच्या नावे भरावा. विमा कायद्याच्या ६४ व्हीबी कलमानुसार प्रीमियम मिळाल्याशिवाय कंपनी जोखीम स्वीकारू शकत नाही.

तक्रार कोठे?

आधी कंपनीकडे, मग ‘विमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर. एकल मालकीचे व्यवसाय आणि सूक्ष्म उद्योग विमा लोकपालाकडेही जाऊ शकतात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ब्रोकरविरुद्धची तक्रारही तेथे करता येते.

एक साधी खबरदारी : पॉलिसी, बिले आणि साठ्याची नोंदवही यांची प्रत गोदामाबाहेर ठेवावी. आगीत मालाबरोबर हे पुरावेही जळतात.