घरच्या शाळेची तयारी

मुलास शाळेत न धाडता घरीच शिकविण्याचा विचार शहरांतील काही सुशिक्षित पालक करू लागले आहेत. पुस्तके आणली, वेळापत्रक भिंतीवर लावले, की तयारी झाली असे त्यांस वाटते. पण पहिली अडचण कायद्याची आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या दहाव्या कलमाने सहा ते चौदा वर्षांच्या पाल्यास शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य ठरविले. कर्तव्यच्युतीस शिक्षा मात्र सांगितली नाही. गृहशिक्षण चालले आहे ते या मौनाच्या आधारावर. दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे, राज्य मंडळाचा सतरा नंबरचा अर्जही आहे; मधल्या आठ वर्षांची विचारपूस मात्र कोणी करीत नाही.

१८९७ साली गांधीजी मुलांसह डर्बनला उतरले. मुलांना त्यांनी तेथील सर्वसाधारण शाळेत घातले नाही. आपण त्यांस पुरेसा वेळ देऊ शकलो नाही, ही कबुली आत्मकथेत आहे, आणि मुलांची तक्रारही. तेव्हा सायंकाळी सातला कचेरीतून परतणाऱ्या पित्याने आपले तास आधी मोजावेत. (ते तास बहुधा आईच्याच माथी येतात, हे निराळे.)

शिवाय 'घरी शिकते' या दोन शब्दांआड धुणीभांडी करणारी मुलगीही दडू शकते. म्हणून शासनाने डोळेझाक सोडून गृहशिक्षणास मान्यता द्यावी, त्याची नोंद ठेवावी आणि वर्षातून एकदा जवळच्या शाळेतील शिक्षकाने त्या मुलाशी तासभर बोलावे. हौशी पालकांना हे जाचक वाटेल. वाटू द्यावे.