फोन माझ्याकडे, घर गावाकडे

यूनिटमध्ये हल्ली जी नवी पोरं येतात, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी बँकेत रांगेत उभं राहून पैसे काढायची स्लिप कधी भरलेलीच नसते. पगार झाला की फोन वाजतो, फोनवरूनच घरी पैसे जातात, बहिणीच्या कॉलेजची फी फोनवरून, कँटीनचं बिलही फोनवरून. माझ्यासारख्या अठरा वर्षं नोकरी झालेल्या हवालदाराच्या ट्रंकेत पासबुक दिसलं की त्यांना हसू येतं. "उस्ताद, सगळं ॲपवर टाका की. त्या शाखेत काय ठेवलंय?" हा प्रश्न मला गेल्या दोन वर्षांत इतक्यांनी विचारलाय की उत्तर एकदा लिहूनच टाकावं म्हटलं.

पहिली गोष्ट म्हणजे मी डिजिटलच्या विरोधात नाही. मी भरती झालो तेव्हा जुने सुभेदार साहेब फील्ड पोस्ट ऑफिसातून घरी मनीऑर्डर करायचे. ती पोचली की नाही हे घरच्या पत्रातून कळायचं, आणि पत्र यायचं आपली डाक वर चढली की. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी मी अरुणाचलात होतो आणि साताऱ्यात बायकोला रात्री अचानक दवाखान्यात न्यावं लागलं. डिपॉझिट मी पोस्टवरून दोन मिनिटांत भरलं. ज्याने ही सोय केली त्याचं भलं होवो. खर्चाला, पाठवायला, भरायला फोनसारखी दुसरी गोष्ट नाही.

पण "सगळं" टाका म्हटलं की माझा पाय अडखळतो. आणि तो माझ्या एकट्याचा अडखळत नाही. तरुण पोरं समजतात की आम्हाला बटणं दाबता येत नाहीत म्हणून आम्ही घाबरतो. रेडिओ सेट, थर्मल इमेजर, जीपीएस हाताळणाऱ्या माणसाला बटणांची भीती दाखवू नका. कारण वेगळं आहे. डिजिटल बँक एका माणसाभोवती बांधलेली असते: एक माणूस, त्याचा एक फोन, त्यातलं एक सिम, त्याचा अंगठा. फौजीचा पगार मात्र एका माणसाचा कधीच नसतो.

सिमपासूनच सुरुवात करू. यूपीआय असो की बँकेचं ॲप, नव्या फोनवर चालू करायचं तर त्याच फोनमधल्या, बँकेत नोंदवलेल्या सिमवरून एक मेसेज जावा लागतो. आता नागपूर किंवा साताऱ्याचा एक जवान प्रीपेड सिम घेऊन जम्मूच्या गाडीत बसतो. पठाणकोट जातं, रावीचा पूल जातो, आणि फोनवरची नेटवर्कची रेघ जी नाहीशी होते ती सुट्टीवर परत येईपर्यंत. बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही, पोस्टपेड चालतं. जुन्यांना हे माहीत असतं. नव्यांना लखनपूरच्या पुढे गेल्यावर कळतं. मग तिथलं लोकल सिम घ्यायचं, पण बँकेत नंबर जुना. ओटीपी जातो बंद पडलेल्या सिमवर. आणि तीन महिने रिचार्ज नाही, वापर नाही, म्हणजे ९० दिवस सिम गप्प पडलं, तर कंपनी तो नंबर काढून घेऊ शकते आणि पुढे दुसऱ्या कुणाला देऊ शकते. तुमच्या खात्याची किल्ली कुणा अनोळखी माणसाच्या खिशात, आणि तुम्ही बर्फात.

बरं, नेटवर्क असलेल्या ठिकाणीसुद्धा फोन नेहमी आपल्या हातात असतो असं नाही. काही पोस्टवर फोन जमा करून वर जायचं असतं. कुठे ते सांगत नाही, सांगायचंही नसतं. २०२० च्या जुलैमध्ये आर्मीने ८९ ॲप फोनमधून काढून टाकायला सांगितली होती. ती बँकेची नव्हती, पण मुद्दा लक्षात घ्या: आमच्या फोनमध्ये काय राहील हे आम्ही एकटे ठरवत नाही. आता व्हिडिओवरून खातं उघडायची सोय बघा. रिझर्व्ह बँकेने २०२० पासून तिला परवानगी दिली आहे. त्यात कॅमेऱ्यासमोर बसायचं असतं आणि तुम्ही नेमके कुठे आहात याची जीपीएसची नोंद बँकेकडे जाते. नियम चांगलाच आहे, फसवणूक टाळायला केलेला आहे. फक्त तो करताना फॉरवर्ड पोस्टवरचा माणूस कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हता. लोकेशन द्या म्हणणारी खिडकी उघडली की आमचा माणूस फोन बंद करतो, आणि बँकेच्या हिशेबात तो "अर्धवट सोडून गेलेला ग्राहक" होतो.

आणि हे फक्त फौजींचं नाही. २०१९ च्या ऑगस्टनंतर काश्मीरमध्ये मोबाइल इंटरनेट महिनोन्‌महिने बंद होतं. टू-जी आलं २०२० च्या जानेवारीत, फोर-जी यायला २०२१ चा फेब्रुवारी उजाडला. ते का, कशासाठी, हा माझ्या लिहिण्याचा विषय नाही. पण पुण्या-बंगळुरूच्या ऑफिसात बसून "आता शाखेची गरजच काय" असं म्हणणाऱ्याने त्या दिवसांतल्या एखाद्या साध्या दुकानदाराच्या जागी स्वतःला ठेवून बघावं.

आता घराकडे वळू, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

खातं माझ्या नावावर, घर चालवते बायको. वर्षातले दहा महिने मी नसतो. खताची उधारी, पोरांचे डबे, म्हातारीचं औषध, लग्नाचा आहेर, सगळं ती बघते. मग बहुतेक जवान काय करतात? बँकेत नोंदवलेलं सिम आणि जुना फोन घरी ठेवतात, पिन बायकोला सांगतात आणि ड्यूटीवर येतात. घरोघरी हेच आहे. आता रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक बघा. खात्यातून कुणी परस्पर पैसे काढले, त्यात तुमची चूक नसली आणि तुम्ही तीन कामकाजी दिवसांत बँकेला कळवलं, तर तुमचं नुकसान शून्य. फार चांगला नियम. पण पिन किंवा ओटीपी तुम्ही स्वतः दुसऱ्याला दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंत जे गेलं ते तुमचं गेलं. म्हणजे नवरा सीमेवर आणि बायको संसार चालवते, अशा घराला त्या संरक्षणावर भरवसा ठेवता येत नाही. तिने हुशारीने व्यवहार केले तरी कागदावर ती "दुसरी व्यक्ती".

इथे कुणीतरी म्हणेल की आता यूपीआय सर्कल आलंय, २०२४ पासून घरच्या माणसाला आपल्या खात्यातून पैसे देऊ देता येतात. खरंय. महिन्याला १५,००० पर्यंत. किराण्याला पुरतील, शाळेच्या फीच्या महिन्यात नाही पुरणार. आणि खातं राहतं नवऱ्याचंच.

फसवणुकीबद्दल फार लिहीत नाही, रोज पेपरात असतं. फक्त एक आमच्या वर्दीला झोंबणारी गोष्ट. "मी आर्मीत आहे, बदली झालीय, सामान विकायचंय, घर भाड्याने हवंय" असं म्हणून खोटं ओळखपत्र पाठवायचं आणि पैसे देतो सांगून समोरच्याला क्यूआर कोड स्कॅन करायला लावायचा, हा धंदा वर्षानुवर्षं चाललाय. लोक फसतात कारण वर्दीवर विश्वास असतो. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात, एवढं एक वाक्य प्रत्येक घरात भिंतीवर लिहून ठेवा. आणि फसलात तर लाजू नका, लगेच १९३० ला फोन लावा.

माझ्या आईचं शिक्षण चौथीपर्यंत. ती पासबुकावर बोट ठेवून शिल्लक वाचते. बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाऊन एंट्री मारून आणली की ती ओळ बघून तिला कळतं की पोराचा पगार झाला, म्हणजे पोरगा ठीक आहे. याला भाबडेपणा म्हणा हवं तर. ॲपमध्ये तीच शिल्लक असते, पण ती माझ्या अंगठ्यामागे असते.

काही वर्षांपूर्वी आमच्या कंपनीतला एक नायक सुट्टीवर असताना रस्त्यावरच्या अपघातात गेला. कागदपत्रांच्या कामासाठी त्याच्या घरी गेलेल्यांत मी होतो. पगाराचं खातं तालुक्याच्या शाखेत होतं, नवरा-बायको दोघांच्या नावावर, दोघांपैकी कुणीही किंवा मागे राहील त्याने चालवायचं अशा पद्धतीचं. मॅनेजर साहेब काउंटरच्या बाहेर आले, वहिनींना खुर्ची दिली, मृत्यूचा दाखला बघितला, आणि घरखर्चाचे पैसे त्याच आठवड्यात निघाले. डिफेन्स सॅलरी पॅकेजमध्ये अपघाती विमा असतो, त्याचा अर्जही त्यांनीच काढून दिला. (हा विमा पगार त्या खात्यात येतो म्हणून असतो. चार पैसे जास्त व्याजासाठी पगाराचं खातं हलवणाऱ्या पोरांनी हे आधी वाचावं.)

पण त्याने बचत ठेवली होती दुसरीकडे, एका ॲपवर उघडलेल्या खात्यात. व्याज जास्त होतं म्हणून. त्या खात्याचा घरात कागद नव्हता. बायकोला ॲपचं नाव माहीत होतं, मागे कोणती बँक आहे ते माहीत नव्हतं. फोन अपघातात फुटला होता. हेल्पलाइनला फोन लावला की मशीन विचारायचं, "नोंदणीकृत मोबाइल नंबर टाका," आणि मग त्या नंबरवर ओटीपी पाठवायचं. चॅटवर लिहिलं तर उत्तर यायचं, "आपल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व." नवरा गेलाय हे सांगायला त्या पडद्यावर जागाच नव्हती. वारसदाराच्या रकान्यात त्याने लग्नाआधी आईचं नाव टाकलेलं, पुढे बदललंच नाही. सासू-सुनेत त्यावरून जे झालं ते मी इथे लिहिणार नाही. पैसे मिळाले शेवटी, पण दहा महिने गेले. नियम सांगतो की कागदपत्रं पूर्ण मिळाल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढा. कागद द्यायचा कुणाच्या हातात, हेच दहा महिन्यांतले निम्मे महिने कळत नव्हतं.

शाखेतली माणसं देव आहेत असं मी म्हणत नाही. "सर्व्हर डाऊन", "साहेब जेवायला गेलेत", "नवऱ्यालाच घेऊन या", हे सगळं माझ्या बायकोनेही ऐकलंय. पण तिथे एक टेबल असतं. त्यावर हात आपटता येतो. माजी सैनिकांची माणसं बरोबर घेऊन जाता येतं, जिल्हा सैनिक बोर्डाचं पत्र दाखवता येतं. ॲपसमोर सुभेदार मेजर साहेबांना उभं करून काय उपयोग?

आणि मुळात ज्याला आपण डिजिटल बँक म्हणतो ती भारतात बऱ्याचदा बँक नसतेच. नीती आयोगाने २०२२ मध्ये पूर्ण डिजिटल बँकेसाठी वेगळा परवाना असावा असा अहवाल दिला होता. तोवर ही छान रंगांची ॲपं म्हणजे पुढे एक कंपनी आणि मागे दुसरीच कुठली तरी परवाना असलेली बँक. ठेवीला ५ लाखांपर्यंतचा विमा आहे तो त्या मागच्या बँकेतल्या ठेवीला. पेमेंट्स बँक हा आणखी वेगळा प्रकार, तिथे २ लाखांच्या वर ठेवताच येत नाहीत. ३१ जानेवारी २०२४ ला रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर बंधनं आणली, तेव्हा आमच्या बॅरकमध्ये दोन दिवस एकच चर्चा होती, आणि त्यात निम्म्या पोरांना वॉलेट, पेमेंट्स बँक आणि यूपीआय यांतला फरक सांगता येत नव्हता. त्यांचा दोष नाही. पडद्यावर सगळं एकाच निळ्या रंगात दिसतं.

तेव्हा नव्या पोरांनो, मी सांगतो ते आता एवढंच करा. पगाराचं खातं शाखेत ठेवा आणि लग्न झालं की बायकोचं नाव त्यात घाला. पार्ट टू ऑर्डर निघाली, किंड्रेड रोलवर नाव चढलं, म्हणजे बँकेत आपोआप वारसदार बदलला असं होत नाही. ते दोन वेगळे कागद आहेत. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार वारसदार लावता येतात, म्हणजे आई की बायको हे भांडणही आता नको. ॲपवर जे काही असेल त्याची यादी, मागच्या बँकेच्या नावासकट, हाताने लिहून घरच्या कपाटात ठेवा. पिन लिहू नका, नावं लिहा. जम्मूकडे पोस्टिंग आली तर निघायच्या आधी बँकेतला नंबर पोस्टपेड करून घ्या.

पुढच्या महिन्यात यूनिटमध्ये एका बँकेची माणसं कॅम्प लावायला येणार आहेत, नवं डिजिटल खातं घेऊन. टोप्या आणि पाण्याच्या बाटल्या वाटतील. मी तीन गोष्टी विचारणार आहे. हे खातं नवरा-बायको दोघांच्या नावावर, दोघांच्या वेगवेगळ्या फोनवर, वेगवेगळ्या पिनने चालेल का? लोकेशन न देता माझी ओळख कशी पटवाल? आणि माझ्या बायकोला मराठीत बोलणारा, नाव-पद सांगणारा एक जिवंत माणूस कुठल्या नंबरवर भेटेल? तिन्हींची उत्तरं लेखी मागणार आहे. मिळाली तर इथे टाकतो.