शब्दांतला देव

पुंडलिकनगर हें संभाजीनगरांतल्या एका वस्तीचें नांव. तें उच्चारतांच मराठी माणसास वीट आठवते: भक्त आईबापांच्या सेवेंत गुंतलेला, आणि देव बाहेर तिष्ठत उभा. ख्रिस्ती शास्त्रांतला देव मनुष्याच्या सन्निध कसा येतो, हें या महिन्यांत वाचकांपुढें मांडावें असें आमच्या मनांत आलें, तें याच नांवावरून.

आमच्या घरांतून एक समजूत रूढ आहे कीं, आपला जसा वेद तसें त्यांचें बायबल. ती बरोबर नाहीं. मीमांसकांच्या मतें वेद अपौरुषेय. त्यास कर्ता नाहीं, आरंभही नाहीं. बायबल उघडउघड माणसांच्या हातचें आहे. मेंढपाळ, राजा, कोळी, वैद्य अशांच्या नांवांवर त्यांतले ग्रंथ मोडतात. लेखणी माणसाची, प्रेरणा देवाची, असें ख्रिस्ती आचार्य मानतात. परंतु ज्यास ते ‘शब्द’ म्हणतात, तो मुळांत ग्रंथच नव्हे. ती व्यक्ति आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या आरंभीं हा शब्द देहधारी होतो, आणि तेथील ग्रीक क्रियापदाचा मूळ अर्थ ‘तंबू ठोकून राहिला’ असा आहे. अरण्यांत इस्राएल लोकांबरोबर मुक्काम हालविणाऱ्या देवाच्या मंडपाची त्यांत आठवण आहे. ग्रंथ हा त्या वस्तीचा साक्षीदार. (एलीया नांवाच्या प्रवक्त्यास देव वादळांत भेटला नाहीं, भूकंपांत नाहीं, अग्नींतही नाहीं, मागाहून एक मंद स्वर आला. हा प्रसंग जिज्ञासूंनीं अवश्य वाचावा.)

आतां असा ग्रंथ मराठींत आणावयाचा तर शब्द कोणते योजावे? येथें आमच्या भाषेंत दोन वाटा झाल्या.

पहिली फादर स्टीफन्स यांची. पैठणच्या एकनाथांनीं काशीस भागवतावरील टीका पुरी केली ती 1573 सालीं; त्यानंतर सहा वर्षांनीं हा इंग्रज जेझुइट गोव्यास उतरला. त्याचें क्रिस्तपुराण 1616 सालीं रोमन लिपींत छापलें गेलें. तें भाषांतर नव्हे. बायबलाची कथा दहा हजारांहून अधिक ओव्यांत सांगितलेली आहे. ओवी आमची, पुराण हें नांव आमचें, आणि स्वर्गासही त्यानें ‘वैकुंठ’ म्हटलें.

दुसरी वाट पंडिता रमाबाईंची, आणि ती अगदीं उलट. कलकत्त्याच्या पंडितांनीं 1878 सालीं ज्यांस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, त्या अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या कन्येस संस्कृत शब्दांची वाण कोठून असणार? 1883 सालीं इंग्लंडांत बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांच्याविषयीं आमच्या समाजांत जें बोललें गेलें, त्याची उजळणी येथें नको. पुढें त्यांनीं हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मुळावरून मराठींत उतरविलें, आणि तें करतांना जुन्या धर्मभावनांनीं भारलेले संस्कृत शब्द कटाक्षानें टाळून साधी बोली पत्करली.

स्टीफन्सची ओवी कानास गोड लागते, हें आम्ही मान्य करतों. तरी वैकुंठ म्हणतांच विष्णु आला. शब्द पाहुणा म्हणून एकटा येत नाहीं, घर घेऊन येतो. रमाबाईंनीं हें ओळखलें होतें. उलटपक्षीं, ज्या शब्दास मागचें कांहींच नाहीं तो मनांत कशाच्या आधारें रुजावा, हीही अडचण खरीच. आमचा कौल रमाबाईंकडे झुकतो, तो त्यांच्या वाचकाकडे पाहून. केडगांवच्या मुक्ति सदनांत दुष्काळांतून आणलेल्या मुली व विधवा होत्या. त्यांतल्या कित्येकींनीं अक्षरओळख तेथेंच करून घेतली. त्यांस ना वैकुंठाचा आधार होता, ना ओवीचा.

रमाबाई 1922 सालीं वारल्या. संपूर्ण बायबल 1924 सालीं बाहेर पडलें तें केडगांवच्याच छापखान्यांतून, आणि त्या छापखान्याचें काम सदनांतल्या बायकाच करीत.