यंत्र बंद पडल्यावर गाडी कोणाच्या हाती?

'मानवी चूक' हे शब्द आपल्याकडे चौकशीच्या आधीच उच्चारले जातात. १७ जून २०२४ रोजी सकाळी सियालदहकडे येणाऱ्या कांचनजंगा एक्स्प्रेसला न्यू जलपाईगुडीनजीक रंगापानीपाशी मालगाडीने मागून धडक दिली आणि किमान १० जणांचा बळी गेला. मालगाडीच्या चालकाने सिग्नल ओलांडला, असे त्याच दिवशी सांगण्यात आले. चालक मृत होता. आपली बाजू मांडणे त्याला शक्यच नव्हते.

वस्तुस्थिती निराळी होती. पहाटेपासून तेथील स्वयंचलित सिग्नल यंत्रणा नादुरुस्त होती आणि लाल सिग्नल ओलांडण्याचे लेखी अधिकारपत्र त्याला स्थानकावरूनच मिळाले होते. त्यात वेगमर्यादेचा उल्लेखच नव्हता. अशा वेळी प्रत्येक लाल सिग्नलपाशी एक मिनिट थांबून, ताशी १५ किलोमीटरच्या आत पुढे जायचे असते. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत दिसले की, त्या सकाळी कांचनजंगा वगळता इतर गाड्यांनीही हा नियम पाळला नव्हता. ज्या गाडीने नियम पाळला, तिलाच धडक बसली! एक माणूस चुकला तर ती व्यक्तीची चूक. बहुतेक सगळेच चुकले तर ती प्रशिक्षणाची चूक.

वेग तिप्पट झाला की थांबण्यासाठी लागणारे अंतर सुमारे नऊपट होते. हे सूत्र परीक्षेपुरते पाठ असून भागत नाही. ते हातात मुरावे लागते.

विमानक्षेत्राने हीच किंमत मोजली आहे. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्स ४४७ च्या वेगमापक नळ्या बर्फाने तुंबल्या, स्वयंचलित नियंत्रण सुटले आणि साडेचार मिनिटांच्या आत विमान अटलांटिकमध्ये कोसळले. २२८ जण गेले. उंचावर हाताने विमान सांभाळण्याचा पुरेसा सराव वैमानिकांना नव्हता. २०१३ मध्ये अमेरिकी विमान नियामकाने, वैमानिकांना नेहमीच्या उड्डाणांतही हाताने विमान चालवू द्यावे, अशी सूचना कंपन्यांना केली. लिझान बेनब्रिज यांनी हा विरोधाभास १९८३ मध्येच मांडला होता: यंत्र जितके भरवशाचे, तितका माणसाचा सराव कमी; आणि त्याच्या हाती काम येते ते नेमके सर्वांत कठीण क्षणी.

'कवच बसवा, प्रश्न सुटेल,' असे म्हणणाऱ्यांना माझा विरोध नाही. कवच हवेच, त्या मार्गावर ते नव्हते. परंतु कवचही कधीतरी बंद पडेल. यंत्र कौशल्याची गरज संपवत नाही, कौशल्य वापरण्याचे प्रसंग तेवढे कमी करते. म्हणून प्रत्येक नव्या यंत्रणेबरोबर ती बंद असतानाचा सराव सक्तीचा हवा: चालकाला सिम्युलेटरवर, स्थानकप्रमुखाला प्रत्यक्ष कागदपत्रांसह, दरवर्षी.

तो सराव न देता मृत चालकाकडे बोट दाखवणे हे विज्ञान नव्हे. ती पळवाट आहे.