व्हिसाचा नकार आणि आपला निवाडा

वकिलातीतील मुलाखतीहून मुलगा रिकाम्या हाताने परतला, की आपल्या धर्मग्रामात एकच प्रश्न फिरू लागतो: 'ह्याने तिथे नेमके काय सांगितले?' रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारातच त्याचा निवाडा होतो. कुणी म्हणतो, इंग्रजी कच्चे. एखादी मावशी हलक्या आवाजात सुचवते, काहीतरी लपवले असेल. वास्तविक कंपनीने त्याची पात्रता पारखलेली असते, अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याने तिचा अर्ज मंजूर केलेला असतो. तरी खिडकीपलीकडल्या अधिकाऱ्याने काही मिनिटांत दिलेला नकार आपण अंतिम सत्य मानतो. हा अन्याय आहे, आणि तो आपण करीत आहोत.

त्या नकाराचे स्वरूप तरी आपण समजून घेतो काय? अमेरिकी कायद्याचे कलम २१४(बी) मायदेशी परतण्याची खात्री न पटल्यास पर्यटकाला वा विद्यार्थ्याला नाकारते. एच-१बी ह्या नोकरीच्या व्हिसाला ते लागूच नाही. म्हणून 'सातबारा ने, पासबुक दाखव' हा वडीलधाऱ्यांचा सल्ला इथे निरुपयोगी ठरतो. अशा उमेदवाराच्या हाती बहुधा कलम २२१(जी)ची चिठ्ठी पडते. कागद अपुरे आहेत किंवा चौकशी बाकी आहे, एवढाच तिचा अर्थ. मागितलेले कागद वर्षाच्या आत दिले तर तोच अर्ज पुढे चालतो. कधी अधिकारी कंपनीचा मंजूर अर्जच फेरविचारासाठी परत पाठवितो; तेव्हा शंका मुलावर नसून कंपनीवरही असू शकते. चौकशी किती चालेल हे कुणी सांगत नाही, आणि तोवर नोकरी थांबेलच असेही नाही.

ह्या निर्णयावर अपील नाही. कलमाचा आकडा सांगितला की अधिकाऱ्याचे काम बहुधा संपते. त्यात न्यायालयांनी सहसा शिरू नये, ही भूमिका अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली मँडेल खटल्यात घेतली आणि २०२४ साली मुन्योझ खटल्यात कायम राखली. ह्या दुसऱ्या खटल्यातील पत्नी स्वतः अमेरिकी नागरिक. एल साल्वाडोरच्या पतीला नकार का मिळाला, हे कळण्यासाठी तिला कोर्टाची पायरी चढावी लागली. तिथल्या नागरिकाची ही कथा, तर वसईच्या पोराने आपल्याला सांगायला कारण आणावे कुठून?

आपण लादलेल्या ह्या लाजेवर एजंट पोसले जातात. आठवडा उलटत नाही तोच ते दारात हजर. नव्या अर्जात 'पूर्वी व्हिसा नाकारला होता काय?' ह्या प्रश्नापुढे 'नाही' लिहा, अनुभवाचा दाखला आम्ही करून देतो, हा त्यांचा मंत्र. खरे ते 'होय' लिहिल्याने दार बंद होत नाही. जाणूनबुजून दिलेली खोटी माहिती उघडकीस आली, तर मात्र आयुष्यभराची बंदी येऊ शकते. नव्या अर्जाचे २०५ डॉलर बुडतात ते वेगळेच. (एजंटांचे दर मी लिहीत नाही, वाचकांना ते माझ्याहून अधिक ठाऊक आहेत.)

आणि हेच गृहस्थ आपल्या सणाच्या स्मरणिकेत पानभर जाहिरात देऊन रोख पैसे मोजतात. यंदा अशी एकही जाहिरात स्वीकारू नये, असे मी पॅरिश कौन्सिलला लेखी कळविले आहे. पाने कोरी राहिली तरी चालतील.